लाकडातला 'निष्कर्ष' की अर्क?

सुतारकाम शिकणाऱ्या मुलांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत करतो आहे, फोंड्याला. लाकडाच्या रासायनिक घटकांपाशी अडलो. सेल्युलोजला तूलीर, लिग्निनला काष्ठीर हे परिभाषेतले शब्द मिळाले. पण 'एक्स्ट्रॅक्टिव्ह्ज'ला काय म्हणावं? एका जुन्या मसुद्यात सागाच्या तक्त्यात चक्क 'निष्कर्ष ६ टक्के' असं आहे. मुलं विचारतील, उरलेले ९४ टक्के निष्कर्ष कधी लागणार?

उत्तर

आधी वस्तू बघू. भुसा गरम पाण्यात किंवा अल्कोहोलात घातला की जे विरघळून बाहेर येतं ते हे: तेलं, राळ, मेण, टॅनिन, रंगद्रव्यं. लाकडाच्या पेशींच्या भिंती यांच्या बनलेल्या नसतात. भिंतीत तूलीर साधारण ४० ते ५० टक्के, काष्ठीर १८ ते ३५, बाकी बहुतेक हेमिसेल्युलोज, म्हणजे तूलीराचाच भाऊबंद. ही विरघळणारी द्रव्यं वजनात किरकोळ, पण वाळवी आणि बुरशी लांब ठेवायचं काम मुख्यतः यांचं.

आपल्याला ही नवी नाहीत. खैराचा गाभा उकळून काढलेला काथ म्हणजे दुसरं काय? त्याचं संस्कृत नाव खदिरसार. अमरकोशातही 'सारो मज्जा' असं झाडाच्या गाभ्याबद्दलच येतं. तेव्हा 'सार' घ्यावा असं मनात आलं होतं, पण 'सार ६ टक्के' वाचून आमसूलच आठवणार. ते राहू दे.

उत्तर

आमच्या डिचोलीकडचे मेस्त, म्हणजे सुतार, सरळ 'तेल' म्हणतात. गेल्या वर्षी चौकटीसाठी सागाचा सोट चिरला, तेव्हा मेस्तांनी फळीचं टोक उजेडाकडे धरलं. मधला भाग सोनेरी तपकिरी, हाताला किंचित तेलकट. कडेला दोन बोटं पांढरट पट्टा. त्यावर नख ओढून म्हणाले, "याला तेल नाही, हा काढून टाका." पुस्तकात याला रसकाष्ठ आणि मध्यकाष्ठ म्हणतात, पण पुस्तिकेत 'कडेचा पांढरा' आणि 'गाभा' हेच ठेवा. मुलांना कळेल.

मात्र 'तेल' फणसाला चालत नाही. फणसाची फळी चिरल्याबरोबर हळदीसारखी पिवळी असते, आणि उजेडात राहून तांबूस तपकिरी होते. तो पिवळेपणा मोरिन नावाच्या रंगद्रव्याचा, तेलाचा नव्हे. म्हणून माझं मत 'अर्कद्रव्यं'. अर्क काढतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, अर्थात थोडा गावठी दारूचा वास येतो त्या शब्दाला!

आणि 'गाभा म्हणजे चांगलं लाकूड' असं सरसकट लिहू नका. माडाचं नेमकं उलट आहे. बाहेरचा भाग कठीण, मधला मऊ. तुळईला, वाशाला लोक बाहेरचाच घेतात. त्याला सागासारखी वर्षाची वलयंही नसतात. २०१६ साली आपल्या गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याने तर माडाला फांद्या नाहीत म्हणून झाडांतूनच वगळलं होतं, नंतर परत घेतलं.

मूळ प्रश्नकर्ता

'अर्कद्रव्यं' घेतो, 'निष्कर्ष' खोडला. त्याच मसुद्यात 'ओल्या लाकडाचा ओलावा ११० टक्के' असं होतं. छपाईची चूक म्हणून मी ११ केलं आहे.

उत्तर

अहो, ती चूक नव्हती. लाकडाचा ओलावा सुक्या वजनावर मोजतात. २१० ग्रॅमचा ताजा तुकडा १०३ अंशांच्या भट्टीत वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवला आणि १०० ग्रॅम उरला, तर गेलेलं पाणी ११० ग्रॅम, म्हणजे ११० टक्के. ११ टक्के हे तर सुकून तयार असलेल्या लाकडाचं माप. पोरांनी त्या भरवशावर हिरव्या लाकडाची दारं केली तर पुढे ती आक्रसून फटी पडतील. आकडा परत लावा, आणि खाली एक ओळ घाला की भागाकार सुक्या वजनाने करायचा.