पूरग्रस्तांना "खचू नका, खंबीर व्हा" म्हणणं आता बंद करा

सीनाकाठ: सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा, करमाळा, परांडा भागात उभी पिकं तर गेलीच पण कित्येकांची मातीच खरडून गेली, खालचा मुरूम उघडा पडला, दावणीची जनावरं वाहून गेली. आणि अशा माणसाला जो उठतो तो सांगतो, खचू नका, खंबीर व्हा. रब्बीचं बियाणं कुठनं आणायचं या विचारानं ज्याचा डोळा लागत नाही त्याला धीर वेगळा द्यावा लागत नाही. पंचनामा वेळेत करा, वसुलीचा तगादा थांबवा, झोप आपोआप लागते.

माळरान: नाही पटलं. पैसा लागतो हे मान्यच. पण किल्लारीचा भूकंप आठवा, ३० सप्टेंबर १९९३, विसर्जन करून दमून झोपलेली माणसं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भिंतींखाली गेली. मदत खूप आली, ५२ गावं नव्यानं वसली, तरी आमची एक आत्या त्या पक्क्या घरात कितीतरी वर्षं झोपायचीच नाही, थंडीतसुद्धा अंगणात बाज टाकायची. कुठल्या चेकनं तिची भीती जाणार होती? तिच्यापाशी कुणी बसून बोलायला हवं होतं.

सीनाकाठ: दादा, बसून बोलणं वेगळं आणि "खंबीर व्हा" म्हणून फोन ठेवणं वेगळं. माझा राग त्या दुसऱ्यावर आहे. त्यानं माणूस रडायचाच बंद होतो.

कंदील: किल्लारीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. तेव्हा घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायकांना संवाद सहाय्यक नेमलं होतं, भूकंपात टिकणारं घर कसं बांधायचं, अनुदान कसं मिळतं हे त्या घरोघरी जाऊन समजवायच्या. गावच्या बैठकीत कधी तोंड न उघडलेल्या बाया इंजिनियरला प्रश्न विचारायला लागल्या. माणूस उभा राहतो तो असा, हातात काम आणि सोबत चार माणसं असली की. नुसतं अनुदान खात्यात टाकून मोकळं होऊ नका.

बांधावरची: ताई, कामाचं पटतं पण त्याचा दुसरा भाग पण बघा. नवऱ्यानं आत्महत्या केली आणि बाई दहाव्या-बाराव्यानंतर लगेच शेतात उतरली की गाव म्हणतं लई खमकी आहे, आणि मग तिला कुणी विचारतच नाही. सासरा सातबाऱ्यावर नाव लावू देत नाही, पोरांची फी थकलीय, आणि ही रात्री एकटीच रडते. खमकी म्हणून तिला सगळ्यांनी वाऱ्यावर सोडलेलं असतं.

माळरान: म्हणूनच म्हणतोय, मनाचा इलाज वेगळा धरा. टेलिमानस या सरकारी मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, तो तरी गावात लिहून लावा.

बांधावरची: लावा की, मी नको म्हणत नाही. पण घरात एकच मोबाईल आणि तो दिराच्या खिशात, ती फोन करणार कधी? गावातली आशा सेविका, आपली आशाताई, घरी येते, चुलीपाशी बसते, तिच्याजवळ बाई बोलते. तिला त्या कामाचं ट्रेनिंग द्या, वेगळे पैसे द्या आणि बाकीच्या रजिस्टरांमधून थोडं मोकळं करा.