मदत हवी आहे : मेंदूला इजा झालेल्या मुलांसाठी मराठी भावना-कार्डं

नमस्कार. डोक्याला मार लागून मेंदूला इजा झालेली, आता शाळेत परतलेली दुसरी ते पाचवीची मुलं. त्यांच्यासाठी भावना ओळखायची मराठी चित्रकार्डं कोणाकडे आहेत का? बाजारातली चालत नाहीत, एकेका पानावर १२-१२ चेहरे. ३ च्या वर पर्याय दिले की मूल कुठल्यातरी चित्रावर बोट ठेवून मोकळं होतं, आणि आपल्याला वाटतं, कळलं!

सध्या १५ मिनिटं काम, ५ मिनिटं शांत कोपरा असं चालतं. सूचना एका वेळी एकच, तीही मुलाकडून वदवून घ्यायची. मग मनात १० आकडे मोजेपर्यंत थांबायचं. घोळ होतो तो मधल्या सुट्टीनंतर. गोंगाटाने मेंदू थकलेला असतो, मूल वही भिरकावतं आणि शेरा मिळतो 'हट्टी'. इजा होण्याआधी अभ्यासात पुढे असलेल्यांना तर आपण मागे पडलोय हे नीट कळत असतं.

हवंय ते असं: ३ चेहऱ्यांची कार्डं (राग, भीती, थकवा, थकव्याचं कार्ड सहसा नसतंच) आणि अशा मुलांना वर्गात कसं सांभाळायचं याचं, वर्गशिक्षकांच्या हातात देता येईल असं एकपानी टिपण. हाताने काढलेलं असलं तरी चालेल, फोटो टाका.