सागवानी खिडक्या दुरुस्त कराव्यात की काढून ॲल्युमिनियमच्या बसवाव्यात?

सेलूकरीण

नमस्कार मंडळी. घर सेलूत, जि. परभणी. सासऱ्यांनी १९८४ साली बांधलेलं. विटांचं बांधकाम, वर स्लॅब, खाली काळी माती. आठ खिडक्या, सगळ्या चार बाय चारच्या, सागवानी. मधे उभा दांडा, लोखंडी गज, बाहेर उघडणाऱ्या दोन झडपा. झडपेला वर काच, खाली फळी.

दिवाळीच्या आत रंगकाम उरकायचं ठरलं अन् त्यातून खिडक्यांचा विषय निघाला. मालक म्हणायलेत, सगळ्या काढून टाकू, ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग बसवू, एकदाची कटकट मिटंल. पोरगा पुण्याहून यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या खिडक्यांचे व्हिडिओ पाठवायलाय. सासूबाईंचं एकच वाक्य, "किनवटचं सागवान हाय ते." त्याच्या पुढं त्या काही बोलत नाहीत, पण जेवताना ताटही अर्धंच ठेवायल्यात. मी पोस्टाची आरडी गोळा करते, म्हणून घरातला पैशाचा प्रत्येक निकाल माझ्याच गळ्यात.

दुकानदारानं चौरस फुटाला ४८० सांगितले, थ्री-ट्रॅक, मच्छरजाळीसकट. म्हणजे एक खिडकी ७,६८० अन् आठांचे ६१,४४०. ग्रील वेगळी, फोडाफोड अन् गिलावा वेगळा. वर म्हणाला, "जुन्या खिडक्या आम्हीच उचलून नेऊ वहिनी, त्याचे पैसे लावणार नाही."

आता खिडक्यांची हालत. स्वयंपाकघरातल्या चौकटीचा खालचा दांडा वाळवीनं खाल्लाय. वरून रंग जसाच्या तसा, पण बोट दाबलं की पापुद्रा आत जातो अन् पिठासारखी माती गळते. मोरीचा नळ याच भिंतीला. पश्चिमेच्या खोलीतली एक झडप दोन उन्हाळे झाले लागतच नाही, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून भिंतीत तिरपी चीर गेलीय. समोरच्या तीन खिडक्या पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात सुरळीत. राहिलेल्या तिन्हींचं दुखणं बारीक, बिजागऱ्या कुरकुरतात, एक काच तडकलीय. डास मात्र आठही खिडक्यांतून.

आमच्या सुतारकाकांचं म्हणणं, जोड देऊ, रंधा मारू, काही काढायची गरज नाही. मालकांचं म्हणणं, दुरुस्तीत पैसे घालायचे अन् दोन वर्षांनी काढायच्याच असतील तर आत्ताच का नको? त्याला माझ्याकडं उत्तर नाही. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

रंधा_पटाशी

ताई, आमचा धंदाच सुतारीचा, तेव्हा माझं मत एका बाजूचं धरून वाचा.

आधी एक पेचकस घ्या अन् आठही चौकटी ठोकून बघा, खास करून खालचा दांडा अन् भिंतीत गेलेली टोकं. टणक आवाज आला तर लाकूड जिवंत आहे. पोकळ आवाज आला तिथं टोक दाबा. सागवानाचा गाभा वाळवी सहसा खात नाही, ती खाते कडेचं पांढरं लाकूड. त्या काळी चौकटीत एखादी बाजू पांढऱ्याची निघायचीच. नुसता खालचा दांडा गेला असेल तर तेवढाच कापून नवा जोड देता येतो, कळणारही नाही. उभे दांडे वीतभर वरपर्यंत पोकळ असतील तर मात्र जोडाच्या नादी लागू नका, ती चौकट गेली.

अन् वाळवी लाकडातून येत नाही, जमिनीतून अन् भिंतीतून येते. तिथं ॲल्युमिनियम बसवलं तर ती खिडकी सोडंल अन् दाराची चौकट धरंल. आधी नळाची गळती बंद करा, मग भिंतीत भोकं पाडून औषध मारून घ्या, त्याच्या नंतर काय बसवायचं ते बसवा.

समोरच्या तीन झडपा आत्ता रंधू देऊ नका. आत्ता त्या पाणी पिऊन फुगल्यात. आत्ता बसतील एवढ्या रंधल्या तर एप्रिल-मेमधे बोटभर फट पडंल अन् सगळी धूळ घरात. संक्रांतीनंतर लाकूड वाळलं की घासतंय तेवढंच रंधायचं. आणि रंगारी झडपेचा वरचा अन् खालचा काठ कधीच रंगवत नाही, कारण तो दिसत नाही. पाणी तिथूनच शिरतं. झडप उतरवून ते दोन काठ रंगवून घ्या, फुगणं निम्म्यावर येतं.

राहता राहिला तुमचा उदार दुकानदार. चौकट चार बाय तीन इंची असेल तर मधल्या दांड्यासकट एकाच चौकटीत दीड घनफुटाहून जास्त सागवान निघतं, झडपा वेगळ्या. जुनं, वाळलेलं, न वाकणारं लाकूड. आठ खिडक्यांचं फुकट उचलून न्यायला मी पण आनंदानं येतो!

जोत्याची_पातळी

मी इमारत खात्यात ओव्हरसियर होतो, सगळी नोकरी परभणी-हिंगोलीत. वरच्या प्रतिसादाशी बहुतेक सहमत. फक्त पश्चिमेच्या खिडकीबद्दल सावध करतो, कारण तिथं दोष लाकडाचा वाटत नाही.

लाकूड फुगून अडकणारी झडप पावसाळ्यात अडकते अन् उन्हाळ्यात सुटते. तुमची उन्हाळ्यातही लागत नाही अन् कोपऱ्यातून तिरपी चीर आहे. म्हणजे भिंत हललीय आणि तिनं चौकट पिळलीय. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. वैशाखात रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती तुमच्या पायाखाली आहे. घराच्या सगळ्या बाजू सारख्या ओल्या-कोरड्या होत नाहीत, म्हणून एक कोपरा वर-खाली होतो. अन् भिंतीतली कच्ची जागा म्हणजे खिडकीचा कोपरा, चीर तिथूनच निघते.

तपासायला सुतळी पुरते. चौकटीच्या आतून वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत माप घ्या, मग उलट्या कोपऱ्यांचं. दोन्ही सारखी तर चौकट काटकोनात. फरक आला तर पिळलीय. मग त्या चिरेवर आडवी पीओपीची पातळ पट्टी लावा, वर पेन्सिलीनं तारीख घाला. उन्हाळ्यापर्यंत पट्टी तुटली तर भिंत अजून हलतेय.

हलत्या भिंतीत झडप रंधणं वाया. स्लायडिंग बसवणं तर त्याहून वाया, कारण लाकडाची झडप थोडं सोसते, ॲल्युमिनियमचा ट्रॅक दोन-तीन मिलीमीटरनं वाकला की काच मधेच अडकते. आधी त्या बाजूचं पाणी बघा. गच्चीचा पाइप तिथं पडतो का? नहाणीचं पाणी मुरतं का? भिंतीला लागून मोठं झाड आहे का? जोत्याभोवती तीनेक फूट रुंद कोबा करून बाहेरच्या अंगाला ढाळ द्या. खिडकीआधी तो खर्च करा. चीर रुंदावत असेल तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

उमरगेकर

आमच्याकडं बारा वर्षांपासून ॲल्युमिनियम आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आमचं दगड-मातीचं घर गेलं. नंतर जे बांधलं ते कॉलम-बीमचं, अन् वडलांनी त्यात लाकूड घालूच दिलं नाही. सुरुवातीला लोखंडी खिडक्या होत्या, त्या गंजल्यावर स्लायडिंग आली. वाळवी नाही, रंग नाही, फुगणं नाही. ओलं फडकं फिरवलं की झालं. आई एका बोटानं सरकवते. हे सुख खरं आहे, त्याला नावं ठेवणार नाही.

आता दुकानदार सांगत नाहीत ते. एक, स्लायडिंग अर्धीच उघडते. तुमची १६ चौरस फुटांची खिडकी ८ ची होईल. मे महिन्यात रात्री लाइट गेली की ते आठ फूट आठवतील. दोन, खालच्या ट्रॅकमधे धूळ बसते अन् पाणी जायची भोकं बुजतात. वळवाचा पाऊस वाऱ्यासकट आडवा आला की ट्रॅक भरून पाणी गादीवर. दर उन्हाळ्याच्या शेवटी जुन्या टूथब्रशनं ती भोकं मोकळी करायची, हे मी ठेवलेलं काम. तीन, पश्चिमेची काच. तुमच्या झडपेला खाली फळी आहे, दुपारी लावली की ऊन तिथंच थांबतं. आम्ही काच लावली अन् आतून पडदा. पडद्यापर्यंत ऊन आत आलेलंच असतं, खोली तापते ती तापतेच. शेवटी बाहेरून बांबूची चटई सोडली तेव्हा फरक पडला.

आणखी एक, हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. सेलूच्या ताईंचं घर १९८४ चं, स्लॅबचं आहे, खिडकीवर लिंटल, म्हणजे भार घेणारी सिमेंटची आडवी पट्टी, बहुतेक असणारच. पण माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छताच्या घरात खिडकीच्या वर पुष्कळदा नुसती लाकडी फळी असते अन् चौकटही भार घेते. तिथं वर टेकू न देता चौकट ओढली तर वरचे दगड डोक्यावर येतील.

सेलूकरीण

सगळ्यांचे आभार. सुतळी घेऊन आठही खिडक्या मोजल्या. सात चौकटींत फरक नाही म्हणावा एवढाच. पश्चिमेच्या चौकटीत मात्र सव्वा इंचाचा! बाहेर जाऊन बघितलं तर गच्चीचा पाइप बरोबर त्याच कोपऱ्यात पडतो, अन् खाली शेजारणीनं दिलेली केळ मी लावलीय, रोज पाणी घालते. केळ हलवायची म्हणून सासूबाई आता त्यावरून बोलायल्यात, पण निदान जेवायल्यात.

पेचकस स्वयंपाकघरात खालच्या दांड्यात अन् डाव्या उभ्या दांड्यात मुठीपर्यंत गेला. उरलेल्या सात टणक.

तर असं ठरलं. स्वयंपाकघरातली काढायची. नळ, मग वाळवीचं औषध, मग तिथं ॲल्युमिनियमची, पण स्लायडिंग नाही, पूर्ण उघडणारी. त्यात मालकांचंही समाधान. पश्चिमेचीला हात लावायचा नाही. पाइप वळवायचा, कोबा करायचा, पट्टी लावून उन्हाळा बघायचा. तोवर ती झडप सुतळीनं गजाला बांधून ठेवतो. समोरच्या तीन संक्रांतीनंतर. यावर रंगारी चिडलाय, पुन्हा यायचे जास्त पैसे मागायलाय. भिंती आत्ता, खिडक्या तेव्हा, एवढ्यावर आणलंय त्याला. दुकानदाराला म्हटलं, एकच खिडकी करायचीय अन् जुनी आम्ही ठेवणार, तर त्याचा भाव ४८० चा ५२० झाला.

आता फक्त डासांचं सांगा. झडपा बाहेर उघडतात, गज मधे. आतून जाळी ठोकली तर झडप लावायला हात कसा घालायचा?

रंधा_पटाशी

जाळी ठोकायची नाही ताई. इंच-सव्वा इंची पट्टीची हलकी चौकट करायची, तिला स्टीलची जाळी अन् आतल्या बाजूनं बिजागरीवर बसवायची, खोलीत उघडंल अशी. संध्याकाळी झडप लावायची असली की जाळी उघडा, गजातून हात घाला, कडी ओढा. वेल्क्रोची जाळी स्वस्त पडते, पण रोज काढ-घाल केली की आमच्याकडच्या धुळीनं तिची पकड लवकर जाते. ज्या खिडकीची झडप तुम्ही वर्षभर लावतच नाही तिथं वेल्क्रो चालंल. स्वयंपाकघरातल्या जुन्या झडपांच्या फळ्या चांगल्या असतील तर काकांना दाखवा, जाळीच्या पट्ट्या त्यातूनच निघतील.