बोअरच्या पाण्याला कोणता फिल्टर? बजेट ७ हजार

सुकी_भाकर: घर खेड तालुक्यात, लोटे एमआयडीसीपासून चार किलोमीटरवर. बोअर १८० फूट. इटलीतल्या पीफास (सहजी न विघटणारी कारखानी रसायनं) बनवणाऱ्या, आता बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रं लोट्यात आल्याची बातमी वाचल्यापासून आई पाण्याचा पेला उजेडात धरून बघते. पाणी नितळ, वास नाही. पण ते पीफास, शिवाय बाबांनी वर्षानुवर्षं कलमांच्या बुंध्यात टाकलेली बीएचसी ही कीटकनाशक पावडर... ७ हजारांत काय घ्यावं?

पुणेकर_जोशी: आरओ घ्या, डोळे झाकून. आमचा २२ हजारांचा. टीडीएस ४१२ वरून थेट ३५! पाहुण्यांनाही मीटर लावून दाखवतो.

काजूवाला: जोशीबुवा, टीडीएस म्हणजे क्षार. कीटकनाशकांची मर्यादा लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये असते: डीडीटी १, एंडोसल्फान ०.४. तुमच्या मीटरला ते जन्मात दिसणार नाही.

पुणेकर_जोशी: दिसत नसेल, निघतं तर ना?

काजूवाला: बरंचसं निघतं, पीफासही. माझं भांडण मीटरशी आहे.

विहीर_आमची: आम्ही वीस मिनिटं उकळतो. आजवर कोणाला काही झालं नाही.

रसायनी_रिटायर्ड: उकळून जंतू मरतात. पीफास भांड्यातच राहतात, पाणी आटलं की उलट दाट होतात. आमच्या रसायनीत डीडीटी बनायची. शेतीत तिला १९८९ पासून बंदी, डासांसाठी मात्र चालू राहिली. बीएचसी १९९७ ला बंद झाली. ही मंडळी पाण्यात फार विरघळत नाहीत, मातीला धरून बसतात. म्हणून बोअरपेक्षा उघड्या विहिरीची काळजी जास्त, पावसात गाळ उतरतो तेव्हा. पीफासचं तसं नाही, त्यातले बरेच पाण्याबरोबर खाली झिरपतात. इटलीतल्या त्या कारखान्यामुळे विचेन्झाकडचं भूजल असंच नासलं. २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने त्या प्रकरणात ११ जणांना शिक्षा सुनावली.

वाशीची_सून: कार्बनचा फिल्टर ३ हजारांत बसतो. कार्ट्रिज तेवढी वेळेवर बदला. मी दोन वर्षं विसरले. उघडलं तर बुळबुळीत काळा लगदा. कार्बन एकदा भरला की पुढे काही धरत नाही म्हणे.

पुणेकर_जोशी: म्हणूनच आरओ.

अण्णा_मिरज: आणि एका लिटरमागे तीन लिटर मोरीत! मार्चमध्ये टँकरच्या रांगेत उभे राहा, मग बोलू.

पुणेकर_जोशी: आमच्याकडे ते पाणी फरशीला वापरतात.

काजूवाला: आधी तपासणी, मग यंत्र. नेहमीच्या तपासणीत क्षार, नायट्रेट, जंतू एवढंच बघतात. कीटकनाशकं वेगळी सांगावी लागतात. त्यासाठी नमुना तपकिरी काचेच्या बाटलीत, बर्फात ठेवून न्यायचा. मी कोल्ड्रिंकच्या बाटलीत नेला होता, लॅबवाल्याने हातही लावला नाही. पीफासला मात्र काच चालत नाही, लॅबनेच दिलेली प्लास्टिकची बाटली लागते.

वाशीची_सून: +१. आधी तपासणी.

विहीर_आमची: तांब्याचा हंडा कसा?

रसायनी_रिटायर्ड: जंतूंसाठी बरा. या रसायनांवर काडीचा उपयोग नाही.

सुकी_भाकर: सगळ्यांचे आभार. लॅबला फोन केला. दोन्ही तपासण्यांचा दर ऐकून बाबा उठून गोठ्यात गेले. आईने काल चिपळूणहून तांब्याचा हंडा आणला, ५ हजार ८०० चा. पाणी उकळून त्यात ओतते.

अण्णा_मिरज: वजन किती भरलं? किलोला काय भाव लावला?