६१७४ : वजाबाकीपलीकडचं थोडं

चार अंक (सगळे सारखे नकोत) उतरत्या क्रमाने लिहून त्यातून त्याच अंकांची चढत्या क्रमाची संख्या वजा केली आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करत राहिलं, की फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. हा शोध देवळालीचे शाळामास्तर आणि गणितज्ञ द. रा. कापरेकर यांचा. असं होतं हे करून पाहिलं की पटतं, पण ‘का’ हा प्रश्न तसाच राहतो, म्हणून त्याबद्दल थोडं.

उतरते अंक अ, ब, क, ड धरा. वजाबाकी येते ९९९(अ−ड) + ९०(ब−क). म्हणजे मूळ संख्या कुठलीही असो, फक्त दोन फरकांना महत्त्व. त्यामुळे पहिल्याच फटक्यात शक्यता उरतात अवघ्या ५४, आणि त्या वही-पेन घेऊनही तपासता येतात. फरक ६ आणि २ असले की ५९९४ + १८० = ६१७४, आणि त्याच्याच अंकांचे फरक पुन्हा ६ आणि २! सुटका नाही.

मला मात्र याहून दुसरी गोष्ट जास्त आवडते. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ ÷ १८ = ३४३, म्हणजे ७ चा घन. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नावही कापरेकर मास्तरांनीच दिलेलं. शिवाय १८ + १८² + १८³ = ६१७४. करून बघा.