भरीत पार्टीत पेटलेला वाद: आरोग्याचं बजेट खरंच कापलं का?

केळीवाला_रावेर
मंडळी, रविवारी मळ्यात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली, कळण्याच्या पुऱ्या ताटात पडल्या, आणि आमचे मेहुणे अन् नानाकाका आरोग्याच्या बजेटवरून भिडले. मेहुणे म्हणे, सरकारनं दवाखान्यांच्या पैशाला कात्री लावली. काका म्हणे, कसली कात्री? 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसुद्धा फुकट, जनआरोग्य योजनेत 5 लाखांपर्यंत उपचार. शेवटी काका अर्धी पुरी ताटात टाकून उठले. (काकांनी पुरी टाकली म्हणजे प्रकरण गंभीर.)

आता माझं. आईला बीपी आणि शुगर. जवळच्या सरकारी केंद्रात महिन्याच्या गोळ्या मिळायच्या. दिवाळीपासून तीनदा गेलो. दोनदा शुगरची मेटफॉर्मिन नव्हती, एकदा बीपीची ॲम्लोडिपिनही नव्हती. खिडकीतली बाई हळूच म्हणाली, "आक्का, गोया सरी ग्यात, बाहेरथीन लई ल्या." (गोळ्या संपल्या, बाहेरून घ्या.) आईनं रिकामी पट्टी पुन्हा पिशवीत ठेवली, मेडिकलवाल्याला दाखवायला.

तर बजेट कापलंय की वाढलंय? आकडे वाचता येणाऱ्यानं सांगा, राजकारण नको.

भुसावळ_जंक्शन
राजकारण नको कसं, भो? लाडक्या बहिणीला महिन्याला 1500 द्यायचे तर कुठून तरी काढणारच ना. गोळ्या घेणारी म्हातारी काही मोर्चा काढत नाही.

पेन्शनर_धुळे
लेखा शाखेत 29 वर्षं काढली, म्हणून सांगतो. तुमचे काका आणि मेहुणे वेगवेगळे कागद वाचतायत. काकांचा कागद अर्थसंकल्पीय अंदाजाचा, जो सभागृहात वाचतात. त्यात आकडा बहुधा वाढलेलाच असतो. पुढं सुधारित अंदाज येतो, तिथं तो खाली येऊ शकतो. प्रत्यक्ष खर्च आणखी उशिरा छापून येतो, तोवर कोणाला काही आठवत नसतं.

आमच्याकडं 2210 हे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्याचं लेखाशीर्ष. बीम्सवर, म्हणजे निधीवाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर, तरतूद झळकायची, पण वित्त विभाग जितके टक्के सोडेल तितकेच पैसे हलायचे. मग मार्चमध्ये एकदम ढीग. 31 मार्चच्या रात्री ट्रेझरीच्या पायरीवर डबा खाल्लाय मी. त्या पैशातून दिवाळीची गोळी कशी यायची?

आणि औषधांचं घोडं दरवेळी पैशावरच अडतं असंही नाही. 2017 पासून राज्याची औषधखरेदी हाफकिन या सरकारी कंपनीकडं होती, 2023 मध्ये कायदा करून वेगळं प्राधिकरण काढलं. दरकरार (पुरवठादाराशी ठरलेल्या भावाचा करार) संपला आणि नवा झाला नाही, तर खात्यात पैसे असूनही पेटी येत नाही. शिवाय आमच्या वेळी केसपेपरचे पैसे दवाखान्याच्याच रुग्ण कल्याण समितीत पडायचे, नड भागवायला ते हाताशी असायचे. केसपेपर फुकट झाला, चांगलंच झालं, पण तो गल्लाही गेला.

मेहुण्यांना एक मुद्दा देतो: 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की राज्यांनी 2020 पर्यंत बजेटच्या 8 टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करावेत. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही.

सातपुडा_आशा
दादा, आमच्याकडं धडगावला या. डोंगराळ भागात 20 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे कागदावर आहे. डॉक्टरची जागा रिकामी असली की तेवढा पगार वाचतो, त्याला कोणी कात्री म्हणत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या खर्चात केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 40. मी आशा सेविका, माझा मोबदला तीन महिने थकला होता, विचारलं तर इकडचे तिकडं बोट दाखवतात. बाळंतिणीला घेऊन जायचं मात्र थांबवता येत नाही.

भुसावळ_जंक्शन
म्हणजे शेवटी माझंच खरं.

पेन्शनर_धुळे
तुमचं अर्धं. केळीवाले, तुम्ही एक करा. फार्मासिस्टला ई-औषधीवर (औषधसाठ्याची सरकारी ऑनलाइन प्रणाली) शेजारच्या केंद्राचा साठा बघायला सांगा. नाही म्हणाले तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज द्या, आणि पोच घ्या.

केळीवाला_रावेर
तुमचं उत्तर काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, "बघ, बजेट वाढलंच ना!" मेहुण्यांना फोनवर वाचलं, तेही तितकेच खूश.

बाकी, शेजारच्या केंद्रात मेटफॉर्मिन निघाली. महिन्याची मिळाली. ॲम्लोडिपिन तिथं नाही.