अँटिऑक्सिडंट घ्या, पण नाकाचा स्प्रे सोडू नका

नाकाच्या ॲलर्जीसाठी व्हिटॅमिन सी आणि ई ही अँटिऑक्सिडंट (पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिडंट रेणूंना निष्प्रभ करणारी द्रव्यं) सुरू करून नाकातला स्टेरॉइडचा स्प्रे बंद करावा का, या प्रश्नाबद्दल थोडं. कल्पना निराधार नाही. ॲलर्जीत नाकाच्या अस्तरात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी जमतात, त्या ऑक्सिडंट रेणू सोडतात आणि सूज वाढते. पण मुळात आयजीई ही ॲलर्जीची प्रतिपिंडं अस्तरातल्या मास्ट नावाच्या रोगप्रतिकारक पेशींना चेतवतात, त्यांतून हिस्टामिन हे रसायन बाहेर पडतं, तिथून शिंका आणि पाणी सुरू होतं. अँटिऑक्सिडंट या पहिल्या पायरीला आवर घालतात असा भक्कम पुरावा नाही.

आणि ‘जीवनसत्त्वच तर आहे’ असं कृपया समजू नका. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं ते अँटिऑक्सिडंट) दिलं, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला (१९९४). व्हिटॅमिन ईच्या मोठ्या डोसने वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांत रक्तस्रावाचा धोका वाढतो. मुतखडा होऊन गेला असेल तर व्हिटॅमिन सीच्या जास्त डोसपासून लांबच राहा.

स्प्रेचा पूर्ण परिणाम यायला एक-दोन आठवडे लागू शकतात. बरेच जण तिसऱ्याच दिवशी सोडतात, याचं फार वाईट वाटतं. स्प्रे मारताना नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला वळवा. घोळणा फुटण्याचा त्रासही कमी होतो.